जाणाऱ्याला स्टँडवर सोडायला जाणारे अण्णा

अण्णा,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि भट्टीत लोखंडाचा रस तयार होता. तुमच्या सुधीरने दोन वाक्यं सांगून फोन ठेवला. मी केबिनच्या बाहेर आले तर रेश्मा दारातच उभी होती. तिलाही कळलं होतं. मागे माणसं हातातलं काम ठेवून आमच्या दोघींकडे बघत होती. मला एवढंच सुचत होतं की सगळं बंद करावं आणि गाडीत बसावं.

रेश्मा म्हणाली, "मॅडम, रस ओतून मग निघू. भट्टीत गार झाला तर अण्णा तिथून शिव्या घालतील."

म्हणून आम्ही ओतलं. त्याला तासभर लागला. मग कंपनीची बस आणि दोन टेम्पो भरून आम्ही हायवेने कागलच्या पुढे तुमच्या गावाला आलो. गर्दीत मी मागे उभी होते. मोल्डिंगवाले शंकरमामा माझ्याशेजारी होते, पॅंटला साच्याची काळी वाळू तशीच लागलेली. त्या दिवशीच्या मालात दोन नग खराब निघाले, बाकी सगळा चांगला. तुम्हाला नेमका आकडा लागायचा, म्हणून सांगते.

याला आता तीन आठवडे झाले. लोक मला तुमच्याविषयी चांगलं चांगलं सांगतात आणि मी मान हलवते. पण मला आठवतात ती आपली भांडणं. अठरा वर्षांत आपण किती भांडलो, आणि त्यातली बहुतेक एकाच गोष्टीवरून. चांगलं माणूस आपल्याकडे टिकवायचं कसं.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. कॉमर्स शिकलेली, फाउंड्रीत फक्त दसऱ्याच्या पूजेला आलेली. शिरोलीच्या एमआयडीसीत पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडी ओतणारा आपला साठ-सत्तर माणसांचा कारखाना. पहिल्या दिवशी मी बाबांच्या खुर्चीत बसले तेव्हा तुम्ही वर्क्स मॅनेजर म्हणून समोर उभे राहिलात, लोकांसमोर मला 'मॅडम' म्हणालात, आणि दार लावून घेतल्यावर म्हणालात, "अक्का, घाबरू नगंस. पयल्या वर्षी फक्त बघ. दुसऱ्या वर्षी इचार. तिसऱ्या वर्षी माझ्याशी भांड."

मी तिसऱ्या महिन्यातच भांडायला लागले.

पहिलं भांडण मुलाखतींवरून झालं, आठवतं? डिप्लोमा झालेली, इंजिनिअरिंग झालेली मुलं आपल्याकडे यायची, भट्टीची धग खायची, वाळूचा साचा कसा बांधायचा, रस कुठून सोडायचा, कुठे कसा फिरवायचा हे तुमच्याकडून शिकायची आणि दोन वर्षांत पुण्याला जायची. आणि तुम्ही मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला पहिलाच प्रश्न विचारायचात, "जाणार कधी?"

मुलं गोंधळायची. कुणी म्हणायचं, "नाही सर, मला इथेच करिअर करायचंय." अशाला तुम्ही हमखास नापास करायचात.

मी तुम्हाला म्हणाले, "अण्णा, आपणच त्यांना जायचं सुचवतोय."

"सुचवाय कशाला लागतंय? समदी जाणारच की. कधी ते कळलं तर तवर काय शिकवायचं त्ये ठरवता येतंय."

रेश्मा मुलाखतीला आली ती कबनूरहून एसटीने. वडील यंत्रमागावर कामाला, ही डिप्लोमाला कॉलेजात पहिली. तुम्ही तिलाही तेच विचारलंत. ती म्हणाली, "शिकून झालं की."

तुम्ही माझ्याकडे बघून इतके हसलात की ती पोर बावरली. दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली.

तिच्यासारखं डोकं मी नंतर पाहिलं नाही. सहा महिन्यांत ती कागदावर साच्याचं चित्र काढून सांगायला लागली की रस इथे अडणार, इथे हवा कोंडणार, इथे भोक पडणार. शंकरमामांनी आधी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मग एकदा तिने सांगितलेल्या जागीच भोक निघालं. तेव्हापासून ते तिला विचारल्याशिवाय नवा साचा भरेनात. तुम्ही दुपारी तिला शेजारी बसवून आपल्या जुन्या वह्या उघडायचात. चाळीस वर्षांतल्या खराब मालाची कारणं त्या वह्यांत होती. तिला नव्या नोंदी वाचता याव्यात म्हणून तुम्ही तुमचं मोडकं अक्षर सुधारायला लागला होतात. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण ते माझ्या लक्षात आलं होतं.

आणि मला भीती वाटायला लागली. ही जाणार.

त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका कारखानदाराने मला उपाय सांगितला. घेतानाच ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करून घ्यायची, कपाटात ठेवायची, जायचं म्हणालं की शोधतो म्हणायचं. मला तो शहाणपणा वाटला. मी सगळ्या इंजिनिअरांची सर्टिफिकेटं मागवली. दहाजण होते. सगळ्यांनी आणून दिली. मी ती माझ्या केबिनमधल्या हिरव्या कपाटात लावून ठेवली आणि तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही. तुम्हाला अर्थात दुसऱ्याच दिवशी कळलं. तुम्ही केबिनमध्ये आलात, कपाटाकडे बघितलंत आणि परत कामाला गेलात.

रेश्माला पुण्याच्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं ते दोन वर्षांनी. तिने मला सरळ येऊन सांगितलं. महिनाभराची मुदत दिली, हातातलं काम कुणाला समजावून देणार तेही लिहून आणलं. मी अभिनंदन केलं. सर्टिफिकेटं मागितली तेव्हा म्हणाले, "शोधावी लागतील गं. ऑडिटच्या फायलींत कुठेतरी गेलीत." ती दर दोन दिवसांनी येऊन विचारायची. मी दर दोन दिवसांनी तेच सांगायचे. कपाट तिच्या पाठीमागेच होतं.

पंधरा दिवस असे गेले. मग एका दुपारी चहाच्या वेळी तुम्ही केबिनमध्ये आलात आणि हात पुढे केलात.

"किल्ली द्या मॅडम."

आपण दोघंच होतो तरी तुम्ही मला मॅडम म्हणालात. मी किल्ली दिली. का दिली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तुम्ही कपाट उघडलंत, सगळ्या फायली हातावर घेतल्यात आणि कॅन्टीनमध्ये गेलात. मी काचेतून बघत होते. तुम्ही एकेकाचं नाव घेतलंत, फायल हातात दिलीत. भाषण केलं नाहीत. शेवटची रेश्माची होती. तिने ती छातीशी धरली आणि खाली बघत राहिली.

तुम्ही परत आलात तेव्हा मी रागाने उभीच होते. "अण्णा, कारखाना माझा आहे."

"व्हय. तुझाच हाय."

"उद्या सगळे गेले तर ऑर्डरी कोण पुऱ्या करणार? तुम्ही एकटे?"

तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "अक्का, धरून ठेवल्यालं माणूस हजेरी लावतंय. काम करत न्हाय. तुला हजेरी पायजे का काम?"

"मला माणसं पाहिजेत."

"मग त्यांची कागदं कशाला ठिवलीस?"

त्यानंतर आठ दिवस आपण बोललो नाही. तुम्ही डिस्पॅचच्या कुलकर्ण्यांकरवी निरोप पाठवायचात आणि मीही त्यांच्याच हाती उत्तर द्यायचे. बिचारे कुलकर्णी जिना चढून उतरून दमले. रेश्मा गेली त्या दिवशी मी तिला भेटले नाही, बँकेत काम काढलं. तुम्ही मात्र तिची ट्रंक मोटारसायकलच्या मागे बांधून, तिला रिक्षात बसवून, मागोमाग स्टँडवर गेलात आणि पुण्याची गाडी सुटेपर्यंत उभे राहिलात. हे मला कुलकर्ण्यांनी सांगितलं. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, म्हणून मी त्यांच्यावरही चिडले.

त्या महिन्यात आणखी दोघं गेले. मी तुमच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बघा. तीन गेले."

तुम्ही चष्मा काढलात. "व्हय. तीन गेली. सात ऱ्हायली. ती सात आत्ता ऱ्हायली, अक्का. त्याच्या आदी अडकली हुती."

मी तणतणत केबिनमध्ये परत आले.

पुढच्या काही वर्षांत तुम्ही जे केलंत ते माझ्या परवानगीने केलंत असं कागदोपत्री दिसेल. खरं म्हणजे तुम्ही करायचात आणि मला नंतर कळायचं. साच्याच्या नकाशावर तो बनवणाऱ्या इंजिनिअरचं नाव छापायला लावलंत. गिऱ्हाइकाचा फोन आला की तुम्ही तो थेट त्या मुलाच्या हातात द्यायचात, मग तो तक्रारीचा असो की कौतुकाचा. पहिली पाळी अर्ध्या तासाने पुढे ढकललीत, कारण इचलकरंजीकडची एसटी वेळेत पोचायची नाही आणि त्या बाजूची मुलं रोज उशिराचा शेरा खायची. मुलींसाठी कपडे बदलायची खोली बांधली ती साचे पाडायचे लाकडी पॅटर्न ठेवायच्या जुन्या गोदामात, आणि गोदाम कुठे हलवायचं याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं. पॅटर्न वर्षभर माझ्या केबिनच्या बाहेर पडून होते. येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना अडखळायचा.

आणि गेलेल्यांना तुम्ही फोन करायचात. दर रविवारी, देवळातून आल्यावर. रेश्माला, त्या दोघांना, त्याच्याही आधी गेलेल्यांना. तिकडे कसली भट्टी आहे, नवं काय बघितलं, जेवणाचं काय. मी एकदा म्हणाले, "आपण शिकवायचं आणि पुण्याने न्यायचं. वर तुमचा सल्ला त्यांना फुकट. हे बरोबर आहे का?"

"शाळंला असं कुणी इचारतंय का?"

"शाळेला सरकार ग्रँट देतं अण्णा. मला ऑर्डर पुरी करायची असते. लहान कारखान्याने मोठ्यांसाठी माणसं तयार करत बसायचं, हा कुठला न्याय?"

तुम्ही डोकं खाजवलंत. मग म्हणालात, "त्ये बी खरं हाय."

हे भांडण असंच राहिलं, अण्णा. माझा प्रश्न मला अजून बरोबर वाटतो. पण तुम्ही फोन करायचं थांबवलं नाहीत आणि मीही पुन्हा अडवलं नाही.

मग तो व्हॉल्व्हचा प्रकार झाला. परदेशी पाठवायचा माल, आपल्याला मिळालेलं सगळ्यात मोठं काम, आणि पाण्याच्या दाबाखाली दर चौथी बॉडी पाझरायला लागली. तीन आठवडे आपण सगळं बदलून बघितलं. वाळू बदलली, रसाचं तापमान बदललं, माझी झोप गेली. गिऱ्हाइकाचा माणूस येऊन सांगून गेला की पुढचा लॉट असाच निघाला तर काम काढून घेऊ. काम गेलं असतं तर निम्मी माणसं घरी बसली असती. तुम्ही माझ्यासमोर रेश्माला फोन लावलात. मी नको म्हणून हात हलवत होते. कुठल्या तोंडाने बोलवायचं तिला?

ती रजा टाकून आली. तीन वर्षांत जरा भरली होती, बोलणं सावकाश झालं होतं. मला नमस्कार केला, चहा नको म्हणाली, आणि वाळूत उतरली. दोन दिवस ती, तुम्ही आणि शंकरमामा त्या एका साच्याभोवती बसून होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा फोडून त्याची हवा जायची वाट दाखवली. कागदावर वाट होती, प्रत्यक्षात गाभा ठेवताना ती दाबली जात होती. बोटभर जागेचा प्रश्न. शंकरमामा कपाळाला हात लावून म्हणाले, "रोज मीच दाबत हुतो की ह्ये." तुम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारलीत आणि सगळ्यांसाठी भडंग मागवलंत.

ती निघाली तेव्हा मी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर्टिफिकेटांबद्दल माफी मागितली. ती अवघडली. म्हणाली, "मॅडम, पुण्यात अशा खूप कंपन्या आहेत. मी विसरले." मी म्हणाले, परत ये. पुण्यापेक्षा कमी पगार देणार नाही.

ती म्हणाली, "पगाराचं नाही मॅडम. परत येऊन मी काय होणार? जे होते तेच ना?"

मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डबा खात होतात. सूर्य मावळायच्या आत जेवायचा तुमचा नेम, म्हणून साडेपाचला तुमचं टेबल रिकामं व्हायचं आणि डबा उघडायचा. तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच हातात धरलात.

"बरोबर बोलली पोरगी," तुम्ही म्हणालात. "हितल्या पोरानं मान वर करून बघितलं तर काय दिसतंय? माझं टक्कल. धा वर्सांनी बघितलं तर बी त्येच टक्कल. कशाला थांबंल कोण?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यापुढे कागद ठेवलात. वर्क्स मॅनेजरपद सोडतो, रेश्माला त्या जागी घ्यावं, मी तिच्या हाताखाली सल्लागार म्हणून राहीन. मी तो कागद फाडला. तुम्ही दुसरा लिहून आणलात. मी म्हणाले, तुम्ही स्वतःला कमी करून घेताय, लोक म्हणतील मालकिणीने म्हाताऱ्याला बाजूला केलं. तुम्ही म्हणालात, "लोकांना फौंड्री चालवायची न्हाय. आपल्याला चालवायची हाय."

तुमच्या हाताखालच्या दोघांना हे आवडलं नव्हतं. कबनूरची पोरगी, ती पण सोडून गेलेली, आणि तिला 'साहेब' म्हणायचं? तुम्ही काय केलंत ते अख्ख्या कारखान्याने पाहिलं. ती पहिल्या दिवशी आली तेव्हा तुम्ही तुमचं टेबल स्वतः ढकलत भिंतीकडे नेलंत. मग तिच्या टेबलासमोर उभं राहून विचारलंत, "मॅडम, आज कुठला साचा आदी घ्यायचा?" ती लाजून लाल झाली. पण तिने सांगितलं, आणि तुम्ही तोच आधी घेतलात. त्यानंतर त्या दोघांना बोलायला जागा उरली नाही.

याला आता सहा वर्षं होतील. कारखाना दुप्पट झाला हे तुम्ही पाहिलंत. तुम्ही यायचं बंद केल्यावर या दोन महिन्यांत एक मुलगा जर्मनीला गेला आणि पुण्याहून दोघं आपणहून आले. त्यातला एक मूळ कोडोलीचा. म्हणाला, रेश्मामॅडमकडे शिकायला मिळतं असं तिकडे सगळे बोलतात. तुमचं नाव त्याला माहीतही नव्हतं. मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, तुम्हाला हे ऐकून बरंच वाटलं असतं.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते.

सोळा वर्षांपूर्वी, मला खुर्चीत बसून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा कागलच्या बाजूला नव्याने सुरू होणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातून मला फोन आला. तिथल्या साहेबांनी तुमची चौकशी केली. तुम्हाला घ्यायचा विचार आहे म्हणाले, माणूस कसा आहे ते खाजगीत सांगा. तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर तो कारखाना. नवी यंत्रं, मोठं पद. मी फोन धरून उभी होते. बाबा अंथरुणावर होते. मला अजून वाळूतलं काही कळत नव्हतं. तुम्ही गेलात तर आपल्या दाराला कुलूप लागणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण आता थकलाय. नव्या यंत्रांशी जमत नाही. आणि जरा तापट आहे."

त्यांनी आभार मानले. तुम्हाला ती नोकरी मिळाली नाही. तुम्ही पुढची सोळा वर्षं मोटारसायकलवरून हायवेने रोज कागल ते शिरोली येत राहिलात, पावसात रेनकोट घालून, कंबरेला पट्टा लावून. तुम्ही सर्टिफिकेटांची किल्ली मागितलीत, 'कागदं कशाला ठिवलीस' म्हणालात, तेव्हा मला तो फोन आठवला. इतरांचे मी कागद ठेवले होते. तुमचं तर मी नावच अडवलं होतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले तेव्हा सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि नवा गाभा भाजायचा ओव्हन नीट तापतोय का ते विचारत राहिलात. मी ओव्हनबद्दल सांगितलं. नर्स आली, वेळ संपली. मी जिना उतरताना स्वतःला म्हणाले, पुढच्या वेळी.

मागच्या रविवारी मी काकूंना भेटायला गावी आले. सुधीर रानात गेला होता, घरी त्या एकट्याच. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये बाई, बस. च्या टाकतो." मी म्हणाले, चहा नको, आधी मला एक सांगायचंय. आणि सगळं सांगून टाकलं. तो फोन, मी काय बोलले ते, शब्दन् शब्द. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. शेंगा फोडायचा आवाज थांबला नाही.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं."

मी वर बघितलं.

"त्या कारखान्यात माझ्या म्हायेरचा एक पोरगा हापिसात हुता. त्यानं त्याच आठवड्यात येऊन सांगितलं. तुमच्या बाईनं असं असं सांगितलंय, म्हणून."

"मग? अण्णा काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात? आठ दिस तोंड वाकडं करून हुते. जेवताना बोलायचे न्हाईत. मग एक दिस आपणहून म्हणाले, पोरगी घाबरलीया. बाप हातरुणात, आन् मी बी निघालो तर ती काय करंल? मला सोडाय नको म्हणून खोटं बोलली. वंगाळ केलं, पण माझी किंमत वळखून केलं."

काकूंनी फोडलेले दाणे सुपात सारखे केले.

"त्या कारखान्याच्या सायबानं नंतर आमच्या त्याच पोराकरवी निरोप धाडला हुता. येऊन भेटा म्हणून. सायबाला काय तुझं बोलणं खरं वाटलं नव्हतं. पण हे गेले न्हाईत."

"का नाही गेले?"

"मी बी इचारलं. दहा मिन्टावर हाय, कंबर तरी वाचंल तुमची. तर म्हणाले, तिथं समदं तयार हाय. शिरोलीला माझ्याबिगर अडतंय. अडतंय तिथं माणसाला बरं वाटतंय."

म्हणजे तुम्ही अडकून राहिला नव्हतात, अण्णा. मी सोळा वर्षं समजत होते की मी तुम्हाला धरून ठेवलं. तुम्ही तर सगळं ठाऊक असून रोज सकाळी गाडीला किक मारत होतात. आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीत. तुम्ही एकदा बोलला असतात तर मी मोकळी झाले असते, असं मला त्या ओसरीवर वाटलं, आणि थोडा रागही आला. पण तुम्ही बोलला असतात तर तेव्हाच्या मला तुमच्यासमोर बसता आलं असतं का? त्या खुर्चीत मी टिकले असते का? तुम्ही मुलांना टिकवत होतात असं मी समजत होते. त्यात मीही होते.

काकूंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सूर्य अजून बराच वर होता. नाचणीची भाकरी, मुगाची आमटी, ताजा दाण्याचा कूट घातलेली काकडी. दोघी समोरासमोर बसून जेवलो. तुमच्याविषयी त्या अगदी सहज बोलत होत्या, जसे तुम्ही बाहेर गेला आहात आणि येईपर्यंत गप्पा मारून घ्यायच्यात. ताट उचलताना त्या मध्येच थांबल्या.

"एक बोलू का बाई? तू त्या सायबाला तीन गोष्टी सांगितल्यास न्हवं. थकलाय म्हणालीस, ते खोटं. यंत्रं जमत न्हाईत म्हणालीस, ते बी खोटं. पण तापट हाय म्हणालीस ना," आणि त्यांनी पदर तोंडाला लावला, "ते मातूर सोळा आणे खरं सांगितलंस."

मी आधी हसले की त्या, सांगता येत नाही. तुम्ही गेल्यापासून दोघीही पहिल्यांदाच हसत होतो. शेजारची बाई काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली.

तुम्ही असतात तर, 'मी तापट न्हाय' म्हणून, आम्हा तिघींवर आवाज चढवून भांडला असतात.